वतन, वास्तव्य आणि संचारस्वातंत्र्य

प्रथेप्रमाणे संपादकीयात गतवर्षीच्या कार्याचा आढावा घेतला जातो. तो चिटणिसांनी आपल्या अहवालात दिलाच आहे. म्हणून हे पान आम्ही एका निराळ्या प्रश्नासाठी वापरीत आहोत. आपल्या सभासद कुटुंबांपैकी काही अलीकडे जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्स या देशांत गेली, काही जाण्याच्या विचारात आहेत. बैठक संपून चहा सुरू झाला की चर्चा एकच असते : जपानमध्येच कायमचे राहावे, की युरोपात जाऊन तेथील नागरिकत्व मिळवावे, म्हणजे एका पासपोर्टवर सत्तावीस देशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळेल?

हा प्रश्न योकोहामात विचारला जावा, यात इतिहासाची एक गंमत आहे. १८५९ साली हे बंदर परदेशीयांस खुले झाले, तेव्हा येथे उतरलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांस मुक्त संचाराचा अधिकार नव्हता. त्यांची वसाहत खाड्या व कालवे यांनी वेढलेली होती, पुलांवर पहाऱ्याच्या चौक्या होत्या. चौकीच्या आतला भाग तो 'कान्नाई'. आज ज्या स्टेशनावर आपण रोज उतरतो, त्याच्या नावाचा अर्थ एवढाच आहे. परदेशीयांनी दहा 'री', म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, एवढ्या परिघातच फिरावयाचे. त्यापलीकडे जावयाचे तर जपान सरकारचा परवाना लागे. १८९९ साली परदेशीयांच्या वसाहती रद्द झाल्या, तेव्हा कोठे त्यांस देशात अन्यत्र राहण्याची मोकळीक मिळाली. अर्थात त्या युरोपीयांच्या पाठीशी त्यांच्या तोफा होत्या आणि त्यांचे खटलेही त्यांच्याच वकिलाती चालवीत, हे विसरून चालणार नाही. त्यांची कोंडी ही सबलांची कोंडी होती. आपल्या पूर्वजांची तशी नव्हती.

आपल्या पूर्वजांस गावाशी बांधणारा दोर म्हणजे वतन. वतन या शब्दाचा अर्थ उर्दू कवितेत मातृभूमी असा होतो. महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांस विचारा, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ बेडी असा होता. इनामाच्या तुकड्याच्या व बलुत्याच्या मोबदल्यात महाराने रात्रंदिवस केव्हाही बोलावणे येताच सरकारचे व गावाचे काम करावयाचे. तो घरी नसेल तर त्याच्या बापाने, भावाने, घरातल्या कोणीही जावयाचे. १८७४ च्या वतन कायद्याने या बंधनावर इंग्रजी राज्याचा शिक्का मारला. ज्याची सेवा वंशपरंपरेने गावाच्या मालकीची, तो गाव सोडून जाणार कसा? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात हे वतन सुधारण्याचे विधेयक मांडले, त्यामागे केवळ जमिनीचा हिशेब नव्हता; माणसाचे पाय मोकळे करण्याचा तो प्रयत्न होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसविण्याची मागणी झाली तिचा, आणि संविधान सभेत खेड्याचा गौरव करणाऱ्यांस बाबासाहेबांनी जे कठोर उत्तर दिले त्याचा, उगमही येथेच शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अस्पृश्यतेच्या अनुभवांवर बाबासाहेबांनी जे छोटे टिपण लिहिले, जे पुढे १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले, त्याला त्यांनी नाव दिले 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यातील बहुतेक प्रसंग प्रवासाचे आहेत. न्यूयॉर्क व लंडन येथे ज्यांस राहावयास खोली मिळाली, त्या कोलंबिया विद्यापीठाच्या विद्वानास १९१७ साली बडोद्यात छप्पर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. समुद्र ओलांडणे त्यांस जमले. बडोद्याची गल्ली ओलांडता येईना. ज्या गृहस्थास स्वदेशातच व्हिसाची वाट पाहावी लागली, त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात भारतात सर्वत्र संचार करण्याचा आणि कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क आला, आणि १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांस खुले केले. या दोहोंस एकत्र वाचावयास हवे. फिरण्याचा हक्क आहे पण उतरावयास जागा नाही, तर तो हक्क कागदी होतो.

तथापि आपल्याच देशात एक गाठ अजून सुटलेली नाही. आम्ही वैद्यकीय व्यवसायातले असल्यामुळे ती आम्हांस विशेष जाणवते. मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याचा जन्म आंध्रातील तेनालीचा. त्याची जमात त्या राज्यात अनुसूचित जमातींच्या यादीत होती. वडिलांस खत कारखान्यात राखीव जागेवर नोकरी लागली, बदली मुंबईला झाली, आणि वयाच्या नवव्या वर्षापासून हा मुलगा मुंबईतच शिकला. बारावीनंतर त्याने वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेसाठी अर्ज केला, तेव्हा उत्तर मिळाले की तुझी जमात आंध्रात अनुसूचित, महाराष्ट्रात नव्हे. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच उत्तर ग्राह्य धरले. अनुच्छेद ३४१ व ३४२ मध्ये जाती-जमातींच्या याद्या 'त्या राज्याच्या संबंधात' ठरवावयाच्या आहेत. तेव्हा राज्य सोडले की ती ओळख सोबत येत नाही. १९९४ साली व पुन्हा २०१८ साली न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

या निर्णयामागे तर्क नाही, असे आम्ही म्हणणार नाही. एकाच नावाच्या दोन जातींची स्थिती दोन राज्यांत भिन्न असू शकते. आणि बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी स्थानिक दुर्बलांच्या जागा घ्याव्यात, हेही न्यायाचे नाही. परंतु घरमालक जेव्हा नवा भाडेकरू ठेवण्यापूर्वी आडनाव विचारतो, तेव्हा तो राज्याची यादी उघडून पाहत नाही. विदर्भातला आमचा बांधव हैदराबादेस गेला की सवलत सीमेवर थांबते आणि जात त्याच्यासोबत सीमा ओलांडते. गाव सोडा, असा उपदेश बाबासाहेबांनी केला, तो मानून जे निघाले त्यांच्या मुलांस ही किंमत मोजावी लागते.

आता युरोपाकडे वळू. १९५७ च्या रोम करारात कामगारांचा मुक्त संचार हे तत्त्व आले. मास्ट्रिक्ट कराराने, जो १९९३ साली अमलात आला, युरोपीय संघाचे नागरिकत्व निर्माण केले. २००४ च्या निर्देशानुसार या संघाच्या नागरिकास दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने केवळ ओळखपत्रावर राहता येते. त्यापुढे नोकरी, व्यवसाय किंवा निर्वाहापुरती साधने व आरोग्यविमा असला की वास्तव्य चालू राहते, पाच वर्षांनी ते कायम होते. जोडीदार कोणत्याही देशाचा असो, त्याला वा तिला सोबत राहण्याचा व काम करण्याचा हक्क आहे. निरनिराळ्या देशांत भरलेला निवृत्तिवेतनाचा काळ एकत्र मोजला जातो. डॉक्टरांच्या बाबतीत तर २००५ च्या निर्देशाने मूलभूत वैद्यकीय पदवी आपोआप मान्य होते. रुमानियात शिकलेला डॉक्टर भाषा शिकून जर्मनीत रुग्ण तपासू शकतो. आमच्यासारख्या भारतीय पदवीधराने जपानमध्ये स्टेथोस्कोप हाती घ्यावयाचा तर पात्रता ठरवून घेऊन जपानी भाषेतील राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. येथील रुग्णाच्या हिताचा तो नियम आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. परंतु हक्क सोबत घेऊन फिरणे म्हणजे काय, हे या तुलनेतून नेमके कळते. तो युरोपीय माणूस परवानगी मागावयास जात नाही, नोंद करावयास जातो.

मात्र हे चित्र पाहून भारावून जाणाऱ्या बांधवांस आम्ही हंगेरीतील एका खेड्याकडे नेऊ इच्छितो. शायोकाझा हे ईशान्य हंगेरीतील खाणकामगारांचे गाव. तेथे रोमा समाजाची वस्ती आहे. ज्यांस युरोप 'जिप्सी' म्हणून हिणवीत आला, त्या रोमांचे पूर्वज हजार वर्षांमागे भारतातून गेले. त्यांच्या भाषेत पाण्यास 'पानी', नाकास 'नाक' आणि कानास 'कान'च म्हणतात. त्या वस्तीत आज बाबासाहेबांच्या नावाची शाळा आहे. तिबोर देर्दाक व यानोश ओर्शोश या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले, महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या व आपली चळवळ पाहिली, आणि २००७ साली तेथे 'जय भीम' नावाचा समुदाय उभा केला. शाळेत नापास ठरवून बाहेर टाकलेली रोमा मुले तेथे शालान्त परीक्षेची तयारी करतात. रोमा मुलांस बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे मंदबुद्धींच्या शाळेत टाकण्याची रीत तेथे दीर्घकाळ चालली. २०१३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने होर्वात व किश या दोन तरुणांच्या खटल्यात हंगेरीस त्याबद्दल दोषी ठरविले. चाचणीचा कागद हाती घेणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी हा निकाल अवश्य वाचावा.

ही मुले युरोपीय संघाची नागरिक आहेत. हंगेरी १ मे २००४ रोजी संघात आली. तत्त्वतः त्यांस पॅरिसला, माद्रिदला, बर्लिनला जाण्याचा तोच हक्क आहे जो कोणा बँकरास आहे. प्रत्यक्षात काय घडते? २०१० च्या उन्हाळ्यात फ्रान्सने रुमानिया व बल्गेरिया येथून आलेल्या रोमांच्या वस्त्या उठविल्या, प्रौढास ३०० व मुलास १०० युरो देऊन त्यांस विमानाने परत पाठविले. ५ ऑगस्टच्या सरकारी परिपत्रकात रोमांचा नावाने उल्लेख होता. गाजावाजा झाल्यावर तो काढून टाकण्यात आला. कायद्याचा आधार कोणता? तर तोच तीन महिन्यांचा नियम : ज्यास नोकरी नाही, निर्वाहाची साधने नाहीत, त्यास राहू देण्याचे बंधन नाही. नोकरी देताना रोमा म्हणून नाकारावयाचे आणि नोकरी नाही म्हणून हाकलावयाचे, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. हंगेरीतील हजारो रोमांनी तर युरोपातील सव्वीस देश सोडून दूर कॅनडाकडे आश्रय मागितला. आमच्या मते युरोपातील मुक्त संचाराची खरी परीक्षा बर्लिनच्या संगणक अभियंत्यापाशी होत नाही, ती शायोकाझाच्या मुलापाशी होते.

गोव्याच्या बांधवांचे उदाहरण आपल्या सर्वांस ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या पुढील पिढ्यांस पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्व नोंदवता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर पोर्तुगालऐवजी इंग्लंडमधील स्विंडन व साउथॉल येथे जाऊन स्थिरावले. त्या क्षणी त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले. पुढे २०१६ साली ब्रिटनमध्ये सार्वमत झाले, ३१ डिसेंबर २०२० रोजी तेथील मुक्त संचार थांबला, आणि आधीपासून राहणाऱ्यांसही नव्याने अर्ज करून आपले वास्तव्य सिद्ध करावे लागले. कराराने दिलेला हक्क करार मोडला की जातो.

आम्ही ज्या देशात राहतो तेथेही ही कथा निराळ्या स्वरूपात आहे, आणि आपल्यापैकी अनेकांस येथे इतकी वर्षे राहूनही ती ठाऊक नसते. १८७१ च्या फर्मानाने जपानमधील 'एता' व 'हिनिन' या अस्पृश्य वर्गांची हीन नावे रद्द झाली. परंतु पुढल्याच वर्षी तयार झालेल्या कुटुंबनोंदवह्यांत अनेक ठिकाणी त्यांची वेगळी नोंद झाली. माणूस शहरात गेला, कारखान्यात लागला, तरी त्याचे मूळ ठिकाण नोंदवहीत राहिले. विवाह ठरविताना व नोकरी देताना ते पाहिले जाई. त्या जुन्या वह्या १९६८ साली जनतेस बंद झाल्या. तेव्हा १९७५ साली उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांस गुपचूप विकल्या जात आहेत. म्हणजे सरकारने दार बंद केले तर बाजाराने खिडकी उघडली. शिमाझाकी तोसोन यांच्या १९०६ च्या 'हाकाई' कादंबरीतील बुराकु शिक्षक आपली जात उघड करून शेवटी अमेरिकेतील टेक्सासकडे निघतो. देश सोडणे हाच त्याला सुचलेला मार्ग. परंतु १९२२ साली क्योतोत सुइहेइशा स्थापन करणाऱ्यांनी निराळा मार्ग धरला. ते येथेच राहून संघटित झाले. २०१६ साली बुराकु भेदभाव नाहीसा करण्याचा कायदा झाला, त्यामागे त्या परंपरेचा संघर्ष आहे.

आता आपल्या घरातला प्रश्न. जपानमधील आपले वास्तव्य हा हक्क नसून परवाना आहे, हे २०२० साली आपण सर्वांनी अनुभवले. त्या वर्षीच्या २७ मेपासून भारताचा समावेश प्रवेशबंदीच्या यादीत झाला, आणि त्यानंतर मायदेशी गेलेल्यांस, मग ते कायम वास्तव्यधारक का असेनात, विशेष कारणावाचून परत येता येईना. १ सप्टेंबरपासून ती बंदी शिथिल झाली. जपानी नागरिक मात्र त्याच विमानाने येऊ शकत होता. आई अंथरुणाला खिळलेली असताना जावे की न जावे, हा निर्णय त्या उन्हाळ्यात योकोहामातील किती घरांत घेतला गेला असेल! आणि युरोपीय संघाने मार्च २०२० मध्ये बाहेरच्यांस दारे लावली, तेव्हा दीर्घकालीन वास्तव्यधारकांस त्यातून वगळले होते. २०२४ साली येथील संसदेने कायदा दुरुस्त करून, जाणूनबुजून कर वा सामाजिक विमा न भरणाऱ्याचे कायम वास्तव्य रद्द करण्याची तरतूदही केली आहे. कर भरावेत, यात शंका नाही. परंतु त्याच अपराधाबद्दल नागरिकास दंड होतो आणि परकीयाचे घर जाते, हा फरक ओळखून असावे.

याहून दुर्बल स्थिती आपल्या उपाहारगृहांतील स्वयंपाकी बांधवांची व 'कुटुंबीय' म्हणून आलेल्या भगिनींची आहे. स्वयंपाक्याच्या परवान्यावर आलेल्या माणसाची समजूत अशी करून दिलेली असते की मालक सोडला की देश सोडावा लागतो. हे खोटे आहे. तोच व्यवसाय करीत त्याला मालक बदलता येतो, चौदा दिवसांत इमिग्रेशन कार्यालयास कळवावे लागते, एवढेच; मात्र योग्य कारणावाचून तीन महिने काम न केल्यास परवाना रद्द होऊ शकतो. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो कोणा मालकाने कपाटात ठेवावयाची वस्तू नव्हे. ज्याच्या परवानगीवाचून माणसास हलता येत नाही असा मालक आणि जुने वतन यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. भगिनींचे म्हणाल तर, पतीच्या आधाराने आलेल्या उच्चशिक्षित स्त्रीस वेगळी परवानगी काढून आठवड्यास २८ तासच काम करता येते. आपल्या संघटनेतच एम.ए., बी.एड. झालेल्या भगिनी आहेत, ज्यांची सनद पेटीत आहे. युरोपीय नागरिकाच्या पत्नीस हे बंधन नाही; युरोपाकडे ओढा असण्याचे हे एक कारण आम्हांस पूर्णपणे रास्त वाटते.

परंतु युरोपात नोकरीसाठी गेलेला भारतीय म्हणजे युरोपीय नागरिक नव्हे. सत्तावीस देशांचा तो हक्क नागरिकत्वाबरोबर येतो. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मुभा दिली, तरी भारताच्या कायद्याने दुसरे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणारे ओसीआय कार्ड आजन्म व्हिसा देते. मतदानाचा हक्क वा सरकारी नोकरीत समान संधी ते देत नाही. ज्या मताच्या अधिकारासाठी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत झुंज दिली, तो आपण स्वेच्छेने परत करणार असू, तर तो निर्णय अर्ध्या तासाच्या चहाबरोबर होऊ नये. आम्ही कोणासही अडवीत नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाने आपल्या मुलांसाठी मोठे जग निवडले, तर त्यास देशद्रोही ठरविण्याचा अधिकार गावकूस बांधणाऱ्यांस तरी नाही. पण घरातील सर्व प्रौढांनी एकदमच कागद बदलावेत काय, मुलाने सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवावे काय, याचा विचार पती-पत्नींनी मिळून करावा, एकट्या पतीने नव्हे.

येथे भदंत नागार्जुन सुरई ससाई यांचे स्मरण होते. ओकायामात जन्मलेला हा जपानी भिक्खू नागपुरास आला आणि तेथील वस्त्यांत राहून मराठी बोलू लागला. १९८० च्या दशकात त्यांच्या वास्तव्याच्या मुदतीवरून प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा नागपूरची बौद्ध जनता त्यांच्या पाठीशी उभी राहिली, आणि अखेर त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. आपण ज्या दिशेने आलो, त्याच्या नेमक्या उलट दिशेने ते गेले.

ज्या कुटुंबांत या वर्षी बाळ जन्मास येणार आहे, त्यांच्यासाठी शेवटी दोन गोष्टी. जपानमध्ये जन्मल्याने येथील नागरिकत्व मिळत नाही. आई-वडील भारतीय असतील तर जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करावी, आणि साठ दिवसांहून अधिक राहावयाचे असल्यास जन्मापासून तीस दिवसांत बाळाच्या वास्तव्य-परवान्यासाठी इमिग्रेशनकडे अर्ज करावा. २०१६ च्या ऑक्टोबरपासून भारत व जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. परत जाणाऱ्यांनी निवृत्तिवेतनाची रक्कम घाईने काढून घेण्यापूर्वी त्याची चौकशी करावी, कारण रक्कम काढली की तो काळ हिशेबातून जातो. कागदपत्रे भरण्यास मदत लागल्यास दर महिन्याच्या बैठकीस अर्धा तास आधी यावे. जपानी वाचणारे दोन सभासद त्यासाठी थांबतील. स्वयंपाकी बांधवांची सुट्टी बहुधा रविवारी नसते, म्हणून त्यांच्यासाठी सोमवारी संध्याकाळीही सोय केली आहे.

जय भीम! जय भारत!